पावडर फासलेलं इंजिन

शेजारचे दंतवैद्य एक बूट पायात आणि दुसरा हातात अशा अवतारात दारात येऊन उभे राहिले, तेव्हाच बाइंडर काय ते समजले.

"काका, तक्रार म्हणून नाही सांगत," दंतवैद्य म्हणाले आणि हातातला बूट उलटा करून दाखवला. तळ काळाकुळकुळीत झाला होता. "पण या बुटाने मी दवाखान्यात शिरलो. पांढऱ्या फरशीवर दारापासून खुर्चीपर्यंत पावलं उमटली. खुर्चीतल्या आजोबांनी ती पावलं बघूनच आ वासला. मला सांगावं लागलं नाही."

बाइंडरांनी जीभ चावली. त्यांच्या शेडमधली जुनी गाडी गेले काही महिने तेल गाळत होती. आधी नुसता थेंब पडायचा, मग डाग पडायला लागला, आणि मग त्या डागाला पाय फुटले. अंगण दोन्ही घरांचं सामाईक, आणि उतार नेमका डॉक्टरांच्या दाराकडे. बाइंडरांनी गाडीखाली पुठ्ठे अंथरून पाहिले होते. जन्मभर पुस्तकं बांधणाऱ्या माणसाला पुठ्ठ्यांचा काय तोटा? पण पुठ्ठे तेल पिऊन फुगले आणि शेवटी त्यांनीही हात टेकले.

"मी बघतो काहीतरी," बाइंडर आवाज खाली आणून म्हणाले. "फक्त हळू बोला. आत बाई आहेत."

बाई म्हणजे त्यांची बायको. सगळं गाव त्यांना बाईच म्हणायचं. शाळेतल्या बाई नव्हेत, गाडी शिकवणाऱ्या बाई. गावात आज जे पन्नाशीच्या पुढे आहेत आणि गाडी चालवतात, त्यातले निम्मे याच गाडीत बसून पहिल्यांदा घामाघूम झालेले. टपावर पाटी, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक, आणि त्या ब्रेकवर बाईंचा काळा बूट. त्या कधी ओरडायच्या नाहीत. समोरून ट्रक येत असला तरी त्यांचा आवाज चढायचा नाही. "डावीकडे घ्या. अजून थोडं. आता श्वास घेतलात तरी चालेल."

बाइंडरही त्यांच्याकडेच शिकले. तेव्हा ते तिशीतले होते, दुकान नवं होतं आणि पुस्तकांचे गठ्ठे सायकलवरून पोहोचवताना कंबर मोडून जायची. गाडी शिकावी असं मनाने घेतलं. पहिल्याच दिवशी त्यांनी भर चौकात इंजिन इतक्या वेळा बंद पाडलं की हवालदाराने येऊन, धक्का मारू का, असं विचारलं. बाई शांतपणे म्हणाल्या, "गाडी तुमच्यावर रागावलेली नाही. क्लच जरा हळू सोडा." त्या एका वाक्यावर बाइंडर गारद झाले. ते परीक्षा पास झाले, लायसन हातात आलं, तरी शिकवणीला यायचे काही थांबेनात. विचारलं की सांगायचे, रिव्हर्स कच्चा आहे. जुन्या गिरणीमागच्या मैदानात ते महिनोन् महिने गाडी मागे मागे घेत राहिले. शेवटी एका संध्याकाळी बाईंनी हात लांब करून किल्ली फिरवली, इंजिन बंद केलं आणि म्हणाल्या, "तुमचा रिव्हर्स आता माझ्यापेक्षा चांगला आहे. काय बोलायचंय ते बोलून टाका."

लग्नानंतर घरात ते एकेरीवर आले, "अगं" म्हणू लागले. पण गाडीत बसलं की "बाई" आणि "तुम्ही" सुटायचं नाही. लेकीला लहानपणी वाटायचं, आपल्याला दोन आया आहेत, एक घरातली आणि एक गाडीतली.

आणि मग गेल्या वर्षी बाईंची नजर गेली. सगळी नाही, पण नेमकी मधली. समोरच्या माणसाचा चेहरा पुसल्यासारखा आणि कडेचं सगळं लख्ख. डोळ्यांच्या डॉक्टरांनी समजावून सांगायला सुरुवात केली, तेव्हा बाईच मध्ये म्हणाल्या, "म्हणजे गाडी बंद. कळलं." घरी आल्यावर त्यांनी किल्ली बाइंडरांच्या हातात दिली आणि त्यानंतर शेडमध्ये पाऊल टाकलं नाही. अंगणातून जातानाही शेडकडे पाठ ठेवून जायच्या. बाइंडर आठवड्यातून एकदा, त्या फिरायला गेल्या की, चोरासारखे शेडमध्ये जायचे, इंजिन जरा चालवायचे आणि बंद करायचे. चालवत का नाही, असं त्यांनाच कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एकट्याने त्या गाडीत बसणं त्यांना कसंसंच वाटायचं.

दंतवैद्य गेले आणि संध्याकाळी लेकीचा फोन आला. ती दुसऱ्या गावी असायची. बाइंडरांनी तिला बुटाची गोष्ट सांगितली.

"बाबा, देऊन टाका ना आता," लेक म्हणाली. "तुम्हाला त्यातलं कळत नाही आणि आईला ते बघवत नाही. भंगारवाला घरी येऊन घेऊन जातो."

"बघू," बाइंडर म्हणाले.

"बघू म्हणजे नाही. मला माहीत आहे तुमचं बघू."

त्यांनी फोन ठेवला आणि वळून पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात बाई उभ्या. हातात अर्धवट सोललेला बटाटा.

"तेल कुठून गळतंय?" त्यांनी विचारलं.

लपवाछपवीला आता अर्थ नव्हता. "खालून," बाइंडर म्हणाले.

"खालून सगळ्याच गाड्यांचं गळतं. तेल वर थोडंच जाणार आहे? सुरू कुठून होतंय?"

"ते कळलं असतं तर मग काय पाहिजे होतं?"

"तुम्ही काय काय केलंत आत्तापर्यंत?"

बाइंडर जरा घुटमळले. "वरचं ते झाकण आहे ना, टॅपेट कव्हर. त्याचे बोल्ट आवळले."

"किती?"

"जरा."

"जरा म्हणजे?"

"हात दुखेपर्यंत."

बाईंनी डोळे मिटले. बटाटा खाली ठेवला. "खाली बुचाचं पॅकिंग असतं हो. पापडासारखं मोडलं असणार ते." मग म्हणाल्या, "उद्या दुकान उघडू नका."

सकाळी दोघं शेडच्या दारात उभे राहिले. बाइंडरांनी फळ्या बाजूला केल्या, कडी काढली. आतून तोच वास आला. पेट्रोल, रबर आणि उन्हात तापलेल्या सीटचा. बाई उंबऱ्यावर थबकल्या. बाइंडरांनी हात पुढे केला, पण त्यांनी तो धरला नाही. भिंतीला बोटं लावत त्या आत गेल्या, बॉनेटवर तळहात ठेवला आणि पुढच्या दिव्यापर्यंत फिरवला.

"धूळ किती आहे," त्या म्हणाल्या. एवढंच.

मग कामाला सुरुवात झाली. बाईंनी एक लाकडी खोकं ओढून त्यावर बैठक मारली आणि बाइंडरांनी बाह्या सरसावल्या. आधी सगळं इंजिन रॉकेल आणि ब्रशने धुऊन काढायचं, असा हुकूम झाला. धुतलं. चिंध्यांनी कोरडं पुसायचं. पुसलं. बाइंडरांच्या दुकानात पुस्तकांच्या कापडाच्या कातरणांचा ढीग असायचा. लाल, निळी, हिरवी, सगळी कातरणं तेलाने एकाच रंगाची झाली.

"आता माझ्या आरशासमोरचा पावडरचा डबा आणा," बाई म्हणाल्या.

"पावडर?"

"आणा तर."

बाइंडरांनी गुलाबाच्या वासाची पावडर आणली. बाईंच्या सांगण्यावरून त्यांनी ती इंजिनाच्या चारी बाजूंना, सांध्यासांध्यांवर, फुंकून फुंकून उडवली. इंजिन लग्नाला निघालेल्या नवऱ्यासारखं पांढरं झालं, आणि बाइंडरांच्या मिशाही.

"आता चालू करा. जरा तापू द्या. तेल जिथून निघेल तिथे पावडर ओली होईल. तुम्ही फक्त बघायचं आणि मला सांगायचं. जसं दिसेल तसं, मनाचं काही घालू नका."

इंजिन सुरू झालं. बाइंडर दिवा घेऊन वाकले. थोड्या वेळाने म्हणाले, "दिसलं. टॅपेट कव्हरच्या कडेला. हलक्या कागदावर शाई फुटते ना, तसं पसरतंय."

"कुठल्या कडेला?"

"पुढच्या. बहुतेक मागच्याही. पण मागचं दिसत नाही, भिंतीसारखं आहे तिथे."

तेवढ्यात अंगणातून दंतवैद्य दवाखान्यात निघाले होते. पायाखाली बघत, जपून पावलं टाकत. शेडमधला प्रकार पाहून ते थांबले. अडचण ऐकल्यावर त्यांनी पिशवीत हात घातला आणि लांब दांडीचा, नाण्याएवढा आरसा काढून बाइंडरांच्या हातात दिला.

"दाढेच्या मागचं बघायला असतो," ते म्हणाले. "परत मात्र देऊ नका."

आरशात मागची कड स्पष्ट दिसली. तिथे शाई फुटलेली नव्हती, ओघळच लागला होता. तो इंजिनाच्या पाठीवरून उतरत खाली ऑइल चेंबरपर्यंत गेला होता आणि तिथून टपटपत होता. खालून बघणाऱ्याला ते चेंबरमधूनच गळतंय असं वाटावं.

"म्हणजे पॅकिंग बदललं की झालं," ते म्हणाले आणि पाना घ्यायला वळले.

"थांबा." बाईंनी मान एका बाजूला कलती केली होती. नजर गेल्यापासून काही नीट बघायचं असलं की त्या तशी मान करत. आता मात्र त्या ऐकत होत्या. "तेल घालायचं झाकण उघडा जरा. इंजिन चालूच असू द्या. तोंड लांब ठेवा."

बाइंडरांनी झाकण फिरवलं, तसा आतून फस्सकन धूर आला, तापल्या तेलाच्या वासाचा. चष्म्यावर बारीक थेंब उडाले.

"बंद करा इंजिन," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "श्वास कोंडलाय त्याचा. ब्रीदर पाइप तुंबलाय. आतली वाफ बाहेर पडायला वाट नाही, म्हणून ती तेलाला ढकलतेय, जिथून फट मिळेल तिथून. नुसतं पॅकिंग बदललं असतं तर महिन्याभरात पुन्हा हेच."

"मला काय ठाऊक असं काही असतं ते."

"तुम्हाला कुठून असणार? तो पाइप दर वर्षी मी साफ करायची." त्या खोक्यावर बसून राहिल्या, हात मांडीवर. "मी सांगायला हवं होतं तुम्हाला. लक्षात होतं माझ्या. दर वेळी मनात यायचं, पाइप साफ करायला झालाय, आणि मी दुसरंच काहीतरी काम काढून बसायची."

बाइंडरांनी चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने पुसला. तेल आणखीच पसरलं. "आत आली असतीस तर मी काही गाडी चालव म्हणणार नव्हतो."

"ते नाही हो. आत आले असते तर गाडीत बसले असते. आणि बसले असते तर मला उतरवायला लेकीला बोलवावं लागलं असतं."

दोघंही हसले. पण बाईंचं हसणं मधेच थांबलं आणि त्यांनी पदराने नाक पुसलं. खरं म्हणजे गेलं वर्षभर ते बाईंशी फार जपून बोलत होते. काचेचं सामान हलवावं तसं. बशी हातात द्यायची, पायरी आली की सांगायचं. आत्ता त्यांना पहिल्यांदा वाटलं की त्या जपण्यात आपण त्यांना पार एकटं पाडलं.

"बाई," ते म्हणाले, "तुम्ही पाइप सोडवता की मी सोडवू?"

बाईंनी मान वर केली. "मीच सोडवते. तुम्ही आवळून ठेवाल."

पाइप सोडवायला डोळे लागत नव्हते. त्यांची बोटं इंजिनाच्या कडेने गेली आणि क्लिपवर जाऊन थांबली. पाइप निघाला. तार घालून ढोसल्यावर त्यातून काळा, चिकट गाळ निघाला. बाईंनी तो बोटांत चोळून पाहिला, वास घेतला आणि पाइप रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला.

इंजिन गार झाल्यावर बाइंडरांनी टॅपेट कव्हर उचललं. बुचाचं पॅकिंग बाईंनी सांगितल्याप्रमाणे तुकडे तुकडे होऊन निघालं. हात दुखेपर्यंत आवळलेल्या बोल्टांपाशी तर भुगाच झाला होता. सुट्या भागांच्या दुकानात बाइंडर सायकलवर गेले आणि हात हलवत परत आले असं नाही, पण जवळजवळ तसंच. या गाडीचं तयार पॅकिंग आता येतच नाही, असं दुकानदार म्हणाला आणि त्याने बुचाचा एक सपाट तावच गुंडाळून दिला. कापता आलं तर कापा.

"कापता आलं तर," बाइंडर घरात शिरता शिरता पुटपुटले. आता त्यांचं राज्य सुरू झालं होतं.

त्यांनी जेवणाचं टेबल रिकामं केलं. दुकानातून पातळ पात्याची सुरी, घडी दाबायची हाडाची पट्टी, भोकं पाडायचे ठसे आणि हातोडी आणली. आधी त्या हाडाच्या पट्टीने कव्हरच्या कडेला चिकटलेले जुन्या पॅकिंगचे अवशेष खरवडून काढले. धातूवर एक चरा उठू दिला नाही. मग कव्हर तावावर पालथं ठेवून पेन्सिलीने रेघ काढली आणि सुरी चालवायला लागले. वळणावर ते सुरी वळवत नसत, ताव फिरवत. बाई टेबलाच्या पलीकडे बसून ते कडेच्या नजरेने बघत होत्या.

"इतकी वर्षं दुकानापर्यंत येऊन जाऊन होते," त्या म्हणाल्या, "पण तुम्हाला काम करताना कधी धड पाहिलंच नाही. नेहमी बाहेरून हॉर्न वाजवायची."

"दोनदा," बाइंडर म्हणाले. "एक आखूड, एक लांब. लांब म्हणजे उशीर झालाय."

"तुम्ही तरी कधी विचारलंत, मी मैदानात पोरांना काय शिकवते ते?"

"मला सगळं पाठ आहे. आरसा, आरसा, मग हात."

बाई हसल्या. सुरी शेवटच्या कोपऱ्यातून निघाली, आतला तुकडा अलगद सुटून पडला. बाइंडरांनी ठशाने बोल्टांची भोकं पाडली आणि पॅकिंग बाईंच्या हातात दिलं. त्यांनी डोळे मिटून सगळ्या कडेवरून बोट फिरवलं, पार एक चक्कर पुरी होईपर्यंत.

"एक जागासुद्धा कच्ची नाही," त्या म्हणाल्या. बाइंडरांना पुस्तकांसाठी बक्षिसं मिळाली होती, पण कान असे कधी तापले नव्हते.

पॅकिंग बसवताना मात्र पुन्हा बाईंचं राज्य. कव्हरच्या बाजूला डिंकाचा पातळ हात, इंजिनाच्या बाजूला काही नाही. बोल्ट मधल्यापासून सुरू करायचे, एक इकडचा, एक तिकडचा, आणि एका दमात एकही पुरता आवळायचा नाही. बाईंनी स्वतःची बोटं बाइंडरांच्या मनगटावर ठेवली होती.

"अजून थोडं. अजून. बास. आता पाना खाली ठेवा."

"सैल वाटतंय."

"तुम्हाला वाटणारच. ठेवा खाली."

स्वच्छ पाइप परत जागेवर गेला, तेल भरलं गेलं, आणि इंजिन चालू झालं. बाइंडर आरसा घेऊन सगळीकडे फिरले, पुढून, मागून, खालून. टॅपेट कव्हरची कड कोरडी ठणठणीत होती. झाकण उघडलं तर धुराचा नुसता एक बारीक धागा वर आला. खाली अंथरलेल्या नव्या पुठ्ठ्यावर बऱ्याच वेळाने एक थेंब पडला, चेंबरच्या तळाच्या बुचाकडून.

"एक पडला," बाइंडर हिरमुसून म्हणाले.

"तो राहू दे. त्याच्यासाठी पुन्हा कुणी काही आवळायचं नाही." बाई खोक्यावरून उठल्या, शेडच्या भिंतीला धरत गाडीच्या डाव्या दारापाशी गेल्या आणि दार उघडून आत बसल्या. मग काच खाली करून म्हणाल्या, "चाचणी घ्यायला नको का? इथे उभ्या उभ्या काय कळणार?"

बाइंडर स्टिअरिंगमागे बसले. वर्षभरात गाडी रस्त्यावर आली नव्हती आणि त्यांचे तळहात पुन्हा पहिल्या दिवसासारखे ओले झाले. दंतवैद्याच्या दवाखान्यावरून, बेकरीच्या कोपऱ्यावरून, पुलावरून ते गेले. कुठे जायचं हे कुणी बोललं नव्हतं, पण गाडी गिरणीकडेच निघाली. गिरणी आता उरली नव्हती. धुराडं तेवढं ठेवलं होतं. तिच्यामागच्या मैदानात वर्षभरात घरांच्या दोन रांगा झाल्या होत्या. हे बाइंडरांना माहीत होतं, बाईंना नव्हतं. त्यांनी वेग कमी केला. काही सांगावं की सांगू नये, या विचारात असतानाच बाई म्हणाल्या, "घरं झाली ना? कडेने दिसतायत मला. थांबवा इथे कुठेतरी."

गाडी एका भिंतीशेजारी थांबली. "आता सांगा," बाई म्हणाल्या. "सकाळी सांगत होतात तसं. काय काय आहे?"

बाइंडर सांगू लागले. डावीकडे पिवळं घर, त्याच्या गॅलरीत सायकल टांगलेली. मग औषधांचं दुकान. मग निळं दार, दारात दोन कुंड्या.

"निळं दार म्हणजे पाण्याची टाकी होती तिथे," बाई म्हणाल्या. "तिथे तुम्ही पहिल्यांदा तिसरा गिअर टाकलात. आणि त्या औषधाच्या दुकानाच्या जागी गाजरगवत. शाळेच्या मुख्याध्यापकांनी माझं ऐकलं नाही आणि गाडी थेट त्या गवतात घातली. बाहेर आल्यावर म्हणाले, इंजिनाला चारा पाहिजे होता."

"आणि ते लांबचं झाड?"

"कुठलं?"

"शेवटच्या घराच्या मागे एक आहे. जुनं दिसतंय."

बाईंनी मान कलती केली आणि बराच वेळ तशाच बसून राहिल्या. "ते आहे अजून?" त्या म्हणाल्या. "त्याच्या खाली लेक झोपायची, शिकवण्या चालू असताना. चादर टाकून. मला दर फेरीला ती दिसायची."

बाइंडरांनी घर घर, दार दार सांगितलं आणि बाईंनी प्रत्येकाखाली दडलेलं मैदान सांगितलं. रस्त्यातून जाणारी एक मुलगी जरा थबकली, बंद गाडीत बसून भिंतीकडे बोटं दाखवणाऱ्या या दोघांकडे पाहिलं आणि पुढे गेली. सावली बॉनेटवर चढली, काचेपर्यंत आली.

"लेकीला फोन करा रात्री," बाई म्हणाल्या. "म्हणावं, गाडी कुठे जात नाही. आणि पुढच्या वेळी आलीस की तुझ्या बाबांकडून इंजिन बघून घे."

"माझ्याकडून?"

"मग कुणाकडून? चला, आता गार झालं असेल. काडी बघा."

बाइंडर उतरले. बॉनेट उघडून त्यांनी ऑइलची काडी ओढून काढली, कातरणाने पुसली, पुन्हा आत घातली, पुन्हा काढली आणि उजेडात धरली.

"वरच्या खुणेपर्यंत आहे," त्यांनी सांगितलं.

"बघा, तेल आत राहिलं की किती बरं," बाई म्हणाल्या आणि परतीचा रस्ता सांगायला लागल्या. जवळचा नव्हे, नदीवरून जाणारा लांबचा.